विहिरीत निघालेले गोल गोटे नदीचे की जागेवरचे? आणि डोंगर झिजतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न वाई तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. डोंगराच्या सोंडेखाली त्यांनी विहीर खणायला घेतली. हात-दीड हात माती गेल्यावर पिवळट मुरूम लागला आणि त्या मुरमात डोक्याएवढे, काही तर पोत्याएवढे गोल गोटे निघाले. हात लावला की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत काळा कठीण दगड. गावातली जाणती मंडळी म्हणतात की पूर्वी कृष्णा इथून वाहायची, हे तिचेच गोटे. तेव्हा हे खरं का, आजूबाजूचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि पाचगणीचा माथा सपाट कसा झाला, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला घर बांधायचं आहे तर बांधावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

विहिरी, पाये आणि घाटरस्त्यांचे काप तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे गोट्यांबद्दल आधी सांगतो: तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते नदीचे नाहीत. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं बरीचशी जागेवर अवलंबून आहेत आणि घराबद्दल तर जागा पाहिल्याशिवाय कुणीही ठाम बोलू नये. पण तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. खडक सुटा होणं हे एक काम आणि सुटा झालेला माल तिथून हलणं हे दुसरं काम. पहिल्याला विदारण म्हणतात, दुसऱ्याला झीज किंवा खनन-वहन. बोलताना आपण दोन्ही एकत्र करून ‘डोंगर झिजला’ म्हणतो. पण एखाद्या ठिकाणी या दोन कामांपैकी कुठलं पुढे आहे, यावर तिथल्या जमिनीचा आकार ठरतो. तुमच्या विहिरीत पहिलं काम पुढे आहे. तुमच्या डोक्यावरच्या कड्यावर दुसरं.

आता गोटे. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या-आडव्या भेगा पडतात. म्हणजे जमिनीखालचा खडक अखंड दिसला तरी तो मुळातच चौकोनी-पंचकोनी ठोकळ्यांचा बनलेला असतो. पावसाचं पाणी हवेतला थोडा आणि मातीतला बराच कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतं. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. असं किंचित आम्ल झालेलं पाणी त्या भेगांत शिरतं आणि ठोकळ्याला चारी अंगांनी खाऊ लागतं.

ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने काम करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, आणि मधे गोल गाभा शिल्लक राहतो. बसाल्टमधलं फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांचं चिकणमातीत रूपांतर होतं, लोह ऑक्सिजन घेऊन पिवळं-तपकिरी होतं. हे होताना बाहेरचा थर किंचित फुगतो, आतला नाही. त्या ताणाने बाहेरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. सुटल्यावर त्या फटीतून पाणी आणखी आत जातं आणि पुढचा पापुद्रा तयार होतो. तुमच्या हाताशी जे कांद्यासारखं सुटतंय ते हेच. नदी या कामात कुठेही नाही. गोटा तयार झाला तिथेच तो आज बसलेला आहे, कदाचित एक वीतही न हलता.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका, विहिरीच्या भिंतीवर स्वतः पाहा. भिंत पाण्याने धुऊन घ्या. दोन शेजारच्या गोट्यांमध्ये जो मुरूम आहे, त्यात मूळ भेगेची रेघ अजून दिसते का ते शोधा, बहुधा दिसेल. मग एखादी पांढरी शीर शोधा. आपल्या दगडात झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजाच्या किंवा गारेच्या अशा शिरा पुष्कळ असतात. ती शीर एका गोट्यातून निघून मुरमातून जात दुसऱ्या गोट्यात सरळ रेषेत शिरली, तर विषय मिटला. नदीने आणून टाकलेल्या गोट्यांतून शीर सलग जाऊच शकत नाही. दुसरी खूण म्हणजे खाली जाल तसे गोटे मोठे होतात, त्यांच्यातला मुरूम कमी होत जातो आणि शेवटी गोट्यांचे ठोकळे होऊन ते एकमेकांना चिकटलेल्या पक्क्या खडकात मिसळतात. नदीच्या गोट्यांचा थर असा हळूहळू खडकात विरत नाही, तो खडकावर सरळ टेकलेला असतो.

नदीचे गोटे ओळखायचे तर त्यांना पापुद्रे नसतात, अंग गुळगुळीत असतं आणि ते सगळे एका जातीचे नसतात. भरीव काळा दगड, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, मधूनच एखादा गारगोटीचा तुकडा असा मिसळलेला माल असतो, आणि मधल्या फटींत मुरूम नाही तर वाळू-रेव असते. बऱ्याचदा चपटे गोटे एकमेकांवर रेलून एकाच दिशेला कललेले दिसतात, ती प्रवाहाची खूण. हातोडीही उपयोगी पडते. गाभ्यावर मारली की खणखणीत आवाज येतो, बाहेरच्या पापुद्र्यावर मारली की बद्द. कृष्णा पूर्वी कधी सरकली नाही असं मी म्हणत नाही, नद्या पात्र बदलतातच. पण त्याचा पुरावा हे गोटे नव्हेत.

आता विचार करा, तुमच्या विहिरीत कित्येक मीटर मुरूम आहे आणि वरच्या कड्यावर हातभरही नाही. दगड तोच, पाऊस तोच. मग फरक कशाने? कड्यावरही विदारण चालूच असतं. भेगांत पाणी शिरतं, उन्हाळ्यात खडक तापतो, रात्री निवतो, पिंपळा-पायरीची मुळं फटी रुंदावतात. पण तिथे दगडाचा तुकडा सुटा होतो न होतो तोच खाली जातो. मुरूम साठायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे सदैव ताजा काळा खडक उघडा दिसतो. तुमच्या सोंडेखाली उतार कमी, पाणी मुरायला वेळ मिळतो, सुटा माल उचलून न्यायला प्रवाहाला जोर नाही. तिथे मुरूम साठत जातो आणि त्याखालचा खडक आणखी कुजत जातो. एका मर्यादेनंतर मात्र मुरमाची जाडीच पाण्याला खडकापर्यंत पोचू देत नाही आणि विदारणाचा वेगही मंदावतो.

डोंगरांच्या पायऱ्या याच हिशेबातून आल्या आहेत. आपला सह्याद्री एका दमात ओतलेला नाही. लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, मधे काही काळ थांबून पुन्हा. प्रत्येक थराचा मधला भाग भरीव आणि घट्ट असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट भरतात. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी तांबडा चिकण थर लागतो, त्याला गेरू किंवा काव म्हणतात. भरीव भाग उभा तुटतो, कारण त्याच्या भेगा उभ्या असतात. पोकळ भाग आणि गेरू लवकर कुजतो, मऊ होतो आणि त्याचा उतार होतो. म्हणून कडा, मग तिरकस गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. घाटरस्त्याच्या कुठल्याही कापात हे जवळून पाहता येतं. तांबडा गेरू हाताने चाचपून पाहायचा असेल तर तुमच्या तालुक्यात कमळगडावर कावेची विहीर आहे, तिच्यात उतरा.

गड बांधणाऱ्यांनी ही रचना उत्तम ओळखली होती. भरीव थराचा उभा कातळ म्हणजे आयता तट, त्याच्या पायाशी किंवा सोंडेवर पसरलेली सपाटी म्हणजे माची, आणि वर उरलेला एखाद्या थराचा तुकडा म्हणजे बालेकिल्ला. भरीव थराखालच्या मऊ भागाशी पाणी अडतं आणि बाहेर पाझरतं, म्हणून कड्यांच्या पायाशी इतकी टाकी आणि झरे आढळतात. दुरून डोंगर पाहताना एका उंचीच्या सपाट्या डोळ्यांनी जोडत जा. दरीच्या अल्याड-पल्याडचे कडे एकाच पातळीला येतात. मधला सगळा खडक नदी-ओढ्यांनी नेला आहे, तो एकेकाळी सलग होता. मला आजही हे पाहताना फार विलक्षण वाटतं, की इथे दऱ्या हाच नवा भाग आहे आणि डोंगर म्हणजे न गेलेला जुना.

पाचगणीचा माथा यातला सर्वांत बोलका पुरावा आहे. वाई साधारण सातशे मीटर उंचीवर आहे आणि टेबललँड तेराशेच्या आसपास. त्या पठारावर काळा दगड नाही, जांभा आहे. जांभा म्हणजे विदारणाची परिसीमा. उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि फारसा उतार नसलेली जमीन, अशा ठिकाणी पाणी लाखो वर्षं खडकातून झिरपत राहिलं, तर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून जातात, सिलिकाही जाते, आणि न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. लोह घट्ट होऊन वर कवच तयार होतं. ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट मिळतं, कोल्हापूरच्या राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर खाणी आहेत त्या त्याच्याच.

यातलं ‘फारसा उतार नसलेली जमीन’ हे महत्त्वाचं. उतारावर जाड जांभा तयार होत नाही, कारण माल टिकत नाही. म्हणजे आज सहाशे मीटर उंच उभा असलेला हा माथा जेव्हा जांभ्याचा झाला, तेव्हा तो सखल किंवा सौम्य प्रदेशाचा भाग असणार. नंतर भोवतीची जमीन कृष्णा आणि तिच्या ओढ्यांनी खोल कापली, आणि कवचामुळे माथा राहिला. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस त्यावर पडतो आणि आत मुरतो, वरून खळखळ वाहून माल नेण्याइतका जोर त्याला मिळत नाही. पठार वरून जवळजवळ खचत नाही, ते कडेने खचतं. जांभ्याखाली मऊ चिकणमातीचा थर असतो, पाझरणारं पाणी ती माती बाहेर आणतं, वरचं कवच अधांतरी होतं आणि एक दिवस कडेचा मोठा तुकडा खाली येतो. टेबललँडच्या कडेला उभं राहून खाली पाहिलंत तर उतारावर पडलेले जांभ्याचे प्रचंड धोंडे दिसतील.

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवर, हीच गोष्ट अगदी खालच्या पातळीला, समुद्राजवळ दिसते. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर जी कातळशिल्पं कोरलेली आहेत, ती हजारो वर्षांपूर्वीची मानली जातात. त्या रेषा काही सेंटीमीटर खोल आहेत. कोकणाचा पाऊस इतकी वर्षं झेलूनही त्या दिसतात, यावरून उघडा सपाट कातळ किती सावकाश झिजतो याचा अंदाज येईल. आणि त्याच तालुक्यांत दर पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेही लक्षात घ्या. एकाच पावसात सपाटी जपली जाते आणि कड ढासळते.

पाऊस जास्त म्हणजे झीज जास्त, हे समीकरण म्हणूनच सरधोपट धरू नये. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तासाभराच्या अंतरावरच्या वाईत हजाराच्या आत. तरी दाट झाडी असलेल्या महाबळेश्वरच्या जंगलातला ओढा बऱ्याचदा नितळ असतो आणि तुमच्याकडे नांगरलेल्या उघड्या रानातून वळवाच्या एका सरीत चहासारखं पाणी निघतं. थेंबाचा मार मातीवर थेट बसतो की पानांवर, यावर सगळं आहे. पाऊस विदारण वाढवतो हे मात्र खरं. महाबळेश्वरकडे तांबडी, सगळं काही धुऊन गेलेली माती, आणि पूर्वेला पाऊस कमी होत जातो तशी काळी रेगूर. रेगुरीत कॅल्शियम पुरतं धुऊन जात नाही, ते खाली जाऊन चुनखडीचे खडे होऊन बसतं. एकाच दगडाच्या या दोन मात्या, फक्त पाणी किती आणि त्याचा निचरा कसा, एवढ्याने वेगळ्या झालेल्या.

उताराचं बळ पाहायचं असेल तर महाबळेश्वरच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना पाहा. कृष्णा पूर्वेला निघते आणि चौदाशे किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच माथ्यावरची सावित्री पश्चिमेला कोसळते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. जवळपास तेवढीच उंची एकीला इतक्या थोड्या वाटेत उतरायची आहे. म्हणून पश्चिमेचे ओढे डोंगर मागे मागे खात येतात, तिकडे कडे उभे आहेत आणि पूर्वेला खोरी रुंद आहेत. नदी नुसत्या पाण्याने दगड कापत नाही, ती हातात असलेल्या वाळू-गोट्यांनी कापते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे याचे साक्षी आहेत. भोवऱ्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी घट्ट बसाल्टमध्ये रांजणासारखे खड्डे कोरले. वाऱ्याचं आणि बर्फाचं काम आपल्या भागात नगण्य आहे, म्हणून ते सोडून देतो.

इथवरचं थोडक्यात असं: तुमचे गोटे जागेवरच कुजलेल्या खडकाचे गाभे आहेत, पायऱ्या कमी-जास्त टिकाऊ थरांच्या आहेत, आणि पाचगणीचा माथा जुन्या जमिनीचा शिल्लक तुकडा आहे. आता घराकडे येतो, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

मुरूम कोरडा असताना फार चांगला असतो. आपल्याकडची हजारो घरं मुरमावर उभी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या हललेली नाहीत. धोका मुरमात नसतो, तो उतार, मुरमाची जाडी आणि पाणी एकत्र आले की होतो. मुरमाखाली घट्ट खडक असतो. पावसाचं पाणी मुरमातून उतरतं आणि त्या खडकावर येऊन अडतं. सलग काही दिवस पाऊस पडत राहिला की मुरूम पाण्याने गच्च भरतो, वजन वाढतं, कणांमधली पकड सैल होते आणि सगळा थर खालच्या खडकावरून घसरतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव असंच गेलं, दीडशेवर माणसं दगावली. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातलं तळिये, जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी तीव्र उतार होता आणि पाऊस दिवसचे दिवस थांबलेला नव्हता. तुमची जागा तशीच आहे असं मी म्हणत नाही. वाईचा पाऊस तिथल्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. पण सोंड पश्चिमेकडे जाईल तसा पाऊस झपाट्याने वाढतो, आणि दोन गावांच्या अंतरातही फरक पडतो.

जागेवर जाऊन हे पाहा. नियोजित घराच्या वरच्या उतारावर जमिनीला आडव्या भेगा आहेत का? झाडांचे बुंधे मुळाशी उताराकडे वाकून मग वर सरळ झालेत का? तसं असेल तर वरची माती हळूहळू सरकते आहे. विजेचे खांब किंवा कुंपण कललंय का? पावसाळ्यात उताराच्या मधेच नवा झरा फुटतो का, आणि त्याचं पाणी गढूळ येतं का? वरून एखादी घळ किंवा नळी थेट जागेवर उतरते का? आणि आजूबाजूला पूर्वी कधी दरड आली होती का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नदीबद्दल त्यांचा अंदाज चुकला असेल, पण दरडीबद्दल त्यांच्या आठवणी सहसा पक्क्या असतात, माझ्या कामात त्यांचा मला फार उपयोग झाला आहे.

यातली एकही खूण असेल तर जागा बदला किंवा आधी एखाद्या भूवैज्ञानिकाला प्रत्यक्ष दाखवा. खुणा नसतील आणि उतार सौम्य असेल तर घर बांधायला हरकत दिसत नाही, पण सपाटी करण्यासाठी डोंगर उभा कापू नका. जेसीबी एका दिवसात उताराचा पायथा काढून टाकतो. वरच्या मुरमाला शेकडो वर्षांत जो आधार मिळाला होता तो जातो, आणि पाऊस उरलेलं काम करतो. कापावंच लागलं तर टप्प्याटप्प्याने कापा, घराच्या वरच्या बाजूला आडवा चर काढून पाणी बाजूच्या ओढ्यात सोडा, कापलेल्या भिंतीला दगडी पिचिंग करा आणि त्यात पाणी निघायला भोकं ठेवा. भोकं नसलेली भिंत मागे साचलेल्या पाण्याने ढकलली जाते. वरच्या उतारावरची झाडं तोडू नका, तिथे नव्याने नांगरट करू नका.

विहिरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तुमच्या भागात पाणी बहुतेक वेळा मुरमात आणि मुरूम जिथे खडकाला टेकतो त्या सांध्यावर असतं, त्याखाली फक्त भेगांमध्ये. त्या सांध्यापर्यंत पोचल्यावर खाली सुरुंग लावण्याआधी एक उन्हाळा पाण्याची पातळी पाहा. आणि मुरमाची बाजू पावसाळ्यापूर्वी बांधून घ्या. गोटे भिंतीत अडकलेले दिसतात तोवर ठीक, पण भोवतीचा मुरूम भिजून सुटला की ते आत पडतात, आणि तुम्ही लिहिलेल्या मापाचा गोटा खाली काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर आला तर तो वाचत नाही. बांधकाम पुरं होईपर्यंत पावसात कुणालाही आत उतरवू नका.